विजेची पेटी घेतांना

मृगाच्या आधीं वळवाची सर येते, वारा सुटतो, एखादी बाभळीची फांदी तारेवर आडवी होते आणि गांवची वीज जाते. ती घटकेनें येईल, सकाळीं येईल कीं दोन दिवसांनीं, हें कोणासही सांगतां येत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत त्या जिल्ह्यांत, हा अनुभव नवा नाहीं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळांत येथील खेड्यांनीं रोज तासन् तास अंधार काढला आहे. आतां तसें भारनियमन नित्याचें राहिलें नसलें, तरी वादळ, जळलेली डीपी आणि दुरुस्तीसाठीं बंद ठेवलेली वाहिनी हीं कारणें उरलींच आहेत.

अशा वेळीं उपयोगी पडावी म्हणून जी एक वस्तु अलीकडे दुकानांत व जाहिरातींत पुष्कळ दिसूं लागली आहे, तिला 'पोर्टेबल पॉवर स्टेशन' असें भारदस्त नांव आहे. नांव ऐकून कोयनेचें किंवा भंडारदऱ्याचें वीजगृह डोळ्यांपुढें येतें. वस्तु पाहिली तर ती मुठीला धरून उचलतां येईल एवढी पेटी असते. तिच्या पोटांत लिथियम जातीची बॅटरी, त्या बॅटरीपासून घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह तयार करणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी भरून घेणारा चार्जर, अशीं तीन अंगें एकत्र बसविलेलीं असतात. घरच्या वायरिंगला हात लावावा लागत नाहीं. पंख्याची किंवा दिव्याची पिन पेटींत खोंचली कीं काम झालें. पुढील विवेचनांत तिला नुसतें 'वीजपेटी' म्हटलें आहे. लहान पेटीला एका शेळीचे पैसे पडतात आणि मोठीला चांगल्या दुभत्या गाईचे. गाय घेतांना शेतकरी दांत पाहतो, कांस पाहतो, चार जणांना विचारतो. पेटी मात्र वरचा रंग आणि त्यावरचा मोठा आंकडा पाहून घेतली जाते. तेथेंच फसगत होते.

या जिल्ह्यांतील विजेची स्थिति सगळीकडे एकसारखी नाहीं, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं गांवठाणाची वाहिनी वेगळी आणि शेतीपंपांची वेगळी, अशी व्यवस्था झालेली आहे. शेतीच्या वाहिनीला तीन फेजची वीज ठराविक तासच मिळते. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, तेव्हां आरंभींचा प्रयोग ज्या गांवीं झाला त्यांत पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी होतें. परंतु सगळ्या शिवारांना दिवसाची वीज पोचणें हें एका दिवसाचें काम नव्हे. जे लोक गांवांत न राहतां आपल्या रानांत वस्ती करून राहतात, त्यांच्या घरचा दिवाही अनेक ठिकाणीं याच शेतीच्या वाहिनीवर लागतो. म्हणजे गांवांत वीज असतांना वस्तीवर अंधार असूं शकतो. आणि वस्तीवरचा अंधार नुसता गैरसोयीचा नसतो. अकोलें तालुक्यांत उसाच्या आडोशानें बिबटे माणसांच्या अगदीं शेजारीं राहतात, याचा विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तेथल्या लोकांना तो वाचण्याची गरज नव्हती. गोठ्यापुढचा एक दिवा रात्रभर जळत राहणें ही तेथें चैन नसते. म्हणून एकाच गांवच्या दोन घरांना एकच पेटी सोयीची पडेल असें समजूं नये.

आतां पेटीवरील आंकड्यांकडे वळूं. तेथें मुख्य आंकडे दोन असतात. एक वॅटचा आणि दुसरा वॅट-तासांचा. या दुसऱ्यापुढें 'डब्ल्यू-एच' अशीं इंग्रजी अक्षरें असतात. हौद आणि तोटी यांच्या दृष्टान्तानें हा भेद चटकन् कळतो. वॅट-तास म्हणजे हौदांत पाणी किती आहे तें. वॅट म्हणजे तोटी केवढी आहे, एका वेळीं किती धार पडूं शकते तें. मोठी तोटी लहान हौदाला बसविली म्हणून पाणी वाढत नाहीं. तें लवकर संपतें, इतकेंच. जाहिरातदार मोठा दिसणारा आंकडा पुढें करतो आणि तो बहुधा वॅटचा असतो. त्यांतही पुष्कळदां क्षणभर सोसण्याचा, सतत देण्याचा नव्हे. गिऱ्हाइकानें आधीं वॅट-तास विचारावे. विजेच्या बिलावर जें एक युनिट लिहिलेलें असतें, तें १,००० वॅट-तासांचें. म्हणजे ५०० वॅट-तासांची पेटी ही अर्ध्या युनिटाचा हौद होय. गाईच्या मोलाची वस्तु आणि तिच्यांत एक-दोन युनिटें, हें ऐकून कित्येकांचा उत्साह मावळतो. तो आधींच मावळलेला बरा.

आणखी एक युक्ति केली जाते. वॅट-तास न सांगतां 'एक लाख एमएएच' असा डोळे दिपविणारा आंकडा छापतात. मोबाईलच्या बॅटरीमुळें हें माप लोकांच्या ओळखीचें झालें आहे. परंतु तो आंकडा आंतल्या एका सेलच्या ३.७ व्होल्टच्या हिशेबानें दिलेला असतो. १ लाख एमएएच म्हणजे १०० अँपियर-तास, त्यांना ३.७ नीं गुणलें कीं ३७० वॅट-तास येतात. लाखाचे तीनशें सत्तर झाले!

शिवाय हौदांतलें सगळें पाणी पिकाला पोचत नाहीं, कांहीं पाटांत मुरतें. बॅटरींतल्या विजेपासून २३० व्होल्टचा प्रवाह करतांना शंभरांतील सुमारें पंधरा भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातात. तेव्हां गरज मोजून झाल्यावर ती ०.८५ नें भागावी.

उदाहरण म्हणून गांवठाणांतील एक साधें घर घेऊं. चार तास वीज गेली असतां तेथें ९ वॅटचे तीन दिवे, ७५ वॅटचा एक पंखा आणि १० वॅटचा इंटरनेटचा राउटर चालला पाहिजे आणि तीन मोबाईल एकदां भरले पाहिजेत. दिव्यांचे १०८ वॅट-तास झाले, पंख्याचे ३००, राउटरचे ४० आणि मोबाईलचे, प्रत्येकीं १५ धरून, ४५. बेरीज ४९३. तिला ०.८५ नें भागिलें म्हणजे ५८० येतात. बॅटरी कालांतरानें थोडी क्षीण होते, म्हणून ७०० च्या आसपासची पेटी या घराला पुरेल. आतां याच बेरजेकडे पुन्हां पाहिलें तर असें दिसेल कीं, अर्ध्याहून अधिक वीज एकटा पंखा खातो. त्याच्या जागीं ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसविला, तर पंख्याचे ३०० जाऊन १२० राहतात, एकूण बेरीज ३१३ होते आणि भागून ३६८ उरतात. म्हणजे पंखा बदलला कीं सुमारें २०० वॅट-तासांची पेटी कमी लागते. दुकानदार हें सांगत नाहीं. त्याला पेटी विकावयाची असते. वस्तुतः पुष्कळ घरांना पेटीचीही जरूर नाहीं. वीज गेली तरी तीन-चार तास जळणारा, आंत लहानशी बॅटरी असलेला बल्ब आणि एक पॉवर बँक एवढ्यावर ज्यांचें भागतें, त्यांनीं पैसे दुसरीकडे लावावे.

पेटीवर काय लावूं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे. इस्त्री, पाणी तापविण्याचा रॉड, गिझर, विजेची शेगडी, थोडक्यांत उष्णता उत्पन्न करणारी कोणतीही वस्तु १,००० ते २,००० वॅट ओढते. ती अर्ध्या तासांत हौद कोरडा करील. टाकींत पाणी चढविणारी एक अश्वशक्तीची मोटर चालूं असतां ७५० वॅटच्या वर ओढते, पण सुरू होतांना क्षणभर तिला कित्येक पट अधिक लागते आणि त्या धक्क्यानें पेटी आपोआप बंद पडते. टाकी वीज असतांनाच भरून ठेवावी, हा जुनाच उपाय बरा. फ्रीजच्या यंत्रालाही असाच आरंभींचा धक्का असतो. म्हणून फ्रीज लावावयाचा असेल तर पेटीचा क्षणिक वॅटचा आंकडा येथें खरोखर पाहावा लागतो. पण फ्रीजची काळजी लोक वाजवीपेक्षां जास्त करतात. दार न उघडल्यास बंद फ्रीज सुमारें चार तास आंतला थंडावा टिकवतो. आंत ठेवलेलें न फोडलेलें इन्सुलिन तेवढ्या वेळांत बिघडत नाहीं. वापरांत असलेली बाटली तर ३० अंशांच्या आंत कांहीं आठवडे बाहेरही राहूं शकते, म्हणूनच उन्हाळ्यांत ती ओल्या मडक्यांत ठेवण्याची रीत पडली आहे. किती दिवस तें त्या त्या औषधाच्या कागदावर पाहावें.

ज्या घरीं श्वासाचा रोगी आहे तेथें हिशेब फार जपून केला पाहिजे, कारण तेथें चुकीची किंमत पैशांत मोजतां येत नाहीं. कोविडच्या साथीनंतर हवेंतून ऑक्सिजन वेगळा करून देणारें कॉन्सन्ट्रेटर नांवाचें यंत्र कित्येक घरांत आलें आहे. मिनिटाला पांच लिटर देणारें असें यंत्र साधारणतः ३०० ते ३५० वॅट सतत ओढतें. '१,००० वॅटची पेटी आहे, मग ३५० वॅटचें यंत्र काय चालणार नाहीं?' असें म्हणून माणूस निर्धास्त होतो. यंत्र चालतें खरें. पण पेटी १,००० वॅट-तासांची असली तर हातीं येणारे ८५० भागिले ३५०, म्हणजे जेमतेम अडीच तास. वीज रात्रीं दहाला गेली तर साडेबाराच्या सुमारास पेटी मुकी होईल, आणि त्या वेळीं घरचीं माणसें झोंपेंत असतील. आठ तासांची रात्र काढावयाची तर सुमारें ३,३०० वॅट-तास लागतात. तेवढी पेटी अवजड आणि अतिशय महाग. म्हणून अशा घरीं पेटीवर सारी भिस्त ठेवणें बरोबर नव्हे. बी प्रकारच्या लहान सिलिंडरांत सुमारें १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. डॉक्टरांनीं मिनिटाला दोन लिटर सांगितला असेल तर तो सिलिंडर साडेबारा तास पुरतो आणि त्याला विजेची गरजच नाहीं. मिनिटाला किती द्यावयाचा हें डॉक्टरांनींच ठरवावें आणि सिलिंडर चुलीपासून व विडीपासून दूर ठेवावा. पेटी घ्यावीच, पण ती वीज गेल्यापासून सिलिंडर जोडीपर्यंतचा वेळ निभावून नेण्यासाठीं. उलट दम्याच्या रोग्याचें नेब्युलायझर शंभर वॅटच्या आसपास ओढतें आणि दहा-पंधरा मिनिटेंच चालतें. त्याला अगदीं लहान पेटीही पुष्कळ होते. अशा सर्व यंत्रांसाठीं पेटी 'प्युअर साइन वेव्ह' प्रकारची, म्हणजे महावितरणच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारी, असावी. स्वस्त पेट्या खडबडीत लाट देतात. तिच्यावर मोटर गुरगुरते व तापते.

लिथियमच्या बॅटऱ्यांत दोन जाती प्रमुख आहेत. एकींत निकेल, मँगेनीज व कोबाल्ट असतें. ती हलकी असते, परंतु सामान्यतः ५०० ते १,००० वेळां भरून रिकामी केल्यावर तिची धारणाशक्ति लक्षांत येण्याजोगी घटते. दुसरी लोह-फॉस्फेटची; तिला बाजारांत एलएफपी म्हणतात. ती वजनानें जड, पण दोन-तीन हजार वेळां भरली तरी टिकते आणि तापली तरी सहसा पेट घेत नाहीं. या लोह-फॉस्फेटचा बॅटरीसाठीं उपयोग होतो हें अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेंत दिसून आलें. १९९७ सालच्या त्या निबंधावर गुडइनफ यांच्याआधीं पाढी आणि नंजुंडस्वामी हीं दोन नांवें आहेत. गुडइनफ यांना बॅटरीच्या संशोधनासाठीं २०१९ चें नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळालें. जेथें उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपुढें जातो आणि पुष्कळ घरांवर पत्रा असतो, तेथें दुसऱ्या जातीचीच पेटी घ्यावी. याविषयीं फार विचार करण्याचें कारण नाहीं. तीही पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद कपाटांत ठेवूं नये. भिंतीकडेच्या गार फरशीवर, उंदरांच्या वाटेपासून दूर ठेवावी, आणि वापर नसला तरी दोन-तीन महिन्यांनीं एकदां पाहून भरावी.

हौद भरण्याची गति हा विषय सहसा कोणी विचारांत घेत नाहीं. १,००० वॅट-तासांची पेटी १०० वॅटनें भरत असेल तर तिला दहा तासांहून अधिक वेळ लागेल. आणि वस्तीवर वीज मधूनमधून तीनच तास टिकत असेल तर ती पेटी कधींच भरणार नाहीं. अशा घरानें निदान ३०० ते ४०० वॅट घेणारी पेटी पाहावी. उन्हावर भरावयाची सोय बहुतेक पेट्यांत असते. २०० वॅटचें पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशीं या भागांत ६०० ते ७०० वॅट-तास देऊं शकतें, आणि कर्जत-जामखेडच्या अवर्षणप्रवण माळावर तसे दिवस वर्षांतून पुष्कळ मिळतात. परंतु घाटघर-रतनवाडीकडे आषाढ-श्रावणांत सूर्याचें दर्शनच दुर्मिळ, आणि वीज जाण्याचे दिवसही तेच; तेथें पॅनेलवर विसंबून चालणार नाहीं. पॅनेल जोडतांना त्याचे व्होल्ट पेटीनें सांगितलेल्या मर्यादेंत आहेत ना, हें पाहावें. दोन पॅनेलें एकापुढें एक जोडलीं कीं व्होल्टची बेरीज होते आणि मर्यादा ओलांडली तर पेटी जळते.

गोठ्यापुढच्या दिव्याची गोष्ट वर निघाली होती. ९ वॅटचा दिवा बारा तास जळला तर १०८ वॅट-तास लागावे. पण पेटींतला इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठींच दहा-वीस वॅट खातो. दहा धरले तरी रात्रीचे १२० त्याचेच झाले, म्हणजे चाकराचा खर्च धन्याहून अधिक. यासाठीं पेटीवर १२ व्होल्टचें किंवा यूएसबीचें जें तोंड असतें, त्यावर चालणारा दिवा घ्यावा आणि इन्व्हर्टरचें बटण बंद ठेवावें. मग ५०० वॅट-तासांची पेटी तीन-चार रात्री अंगण उजळील.

येथें कोणी विचारील कीं, नेहमींचा इन्व्हर्टर आणि शिशाची मोठी बॅटरी काय वाईट? मुळींच वाईट नाहीं. १५० अँपियर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची असते. ती टिकवावयाची तर त्यांतले निम्मे-पाउण घ्यावे, तरी वीजपेटीच्या मानानें ती पुष्कळ स्वस्त पडते. तालुक्याच्या गांवीं तिचा मिस्त्री मिळतो आणि संपल्यावर भंगाराचे पैसेही येतात. मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालणें, आम्ल सांडूं न देणें आणि पन्नास किलोंहून अधिक वजन एका जागीं ठेवणें एवढ्याच तिच्या अटी. स्वतःचें घर असलेल्या कुटुंबाला तीच सोयीची. पेटी त्यांना, ज्यांची वीज त्यांच्याबरोबर हिंडली पाहिजे: भाड्याच्या खोलींतला विद्यार्थी, घर व वस्ती असे दोन संसार असलेला शेतकरी, पाथर्डीकडून ऊसतोडीला जाऊन सहा महिने कोपींत काढणारें कुटुंब.

एक गोष्ट मात्र कोणीही करूं नये. सगळें घर एकदम उजळावें म्हणून दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून पेटीचा प्रवाह भिंतीवरच्या सॉकेटांत सोडण्याची कल्पना कांहीं हुशार लोक काढतात. तो प्रवाह मीटरमधून उलट बाहेर जातो, डीपींत शिरतो, आणि जी डीपी ११,००० व्होल्टचे घरगुती व्होल्ट करते तीच उलट्या बाजूनें घरगुती व्होल्टचे हजारो करते. खांबावर चढलेला वायरमन वीज बंद आहे असें समजून तारेला हात लावीत असतो. घरांतल्या वायरिंगला पेटी जोडावयाचीच असेल, तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यानें एका वेळीं एकच बाजू जोडली जाते.

परदेशांतला मुलगा येतांना पेटी घेऊन येतो म्हणाला तर त्याला आधींच थांबवावें. अमेरिकेंतली पेटी १२० व्होल्ट देते, ती येथील पंख्याला निरुपयोगी. आणि १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानांत नेऊं देत नाहींत. येथें घेतांना लिथियम बॅटरीसाठीं भारतीय मानक ब्यूरोचें जें आयएस १६०४६ हें मानक आहे, त्याचा उल्लेख व नोंदणी क्रमांक शोधावा. हमीच्या कागदावर वर्षांबरोबर दुरुस्ती कोठें होते तें गांवही विचारावें. निकामी झालेली बॅटरी उकिरड्यावर जाऊं नये; २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

पेटी घरीं आल्यावर पहिल्या चार-आठ दिवसांतच तिची परीक्षा घ्यावी. ती पूर्ण भरावी, १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब तिच्यावर लावावा आणि घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवावी. ५०० वॅट-तासांच्या पेटीवर तो सव्वाचार तासांच्या आसपास जळला पाहिजे. तीन तासांच्या आंत विझला तर पावती व खोकें घेऊन पेटी दुकानदाराकडे परत न्यावी. आणि विकत घेतांना पावती पक्की मागून घेतलेली असावी ती याचसाठीं.